हवेपुरती मात्रा

भंडारा शहराची जुनी ओळख पितळेची. इथल्या कासारांनी घडवलेल्या घागरी, पराती, गुंड आणि लोटे दूरदूरच्या बाजारांत गेले. पुढे स्टीलने तो धंदा खाल्ला, तरी 'पितळनगरी' हे बिरुद शहराला अजून लावतात. याच जिल्ह्यातल्या कितीतरी शेतकऱ्यांच्या घरी आज पितळेचा एक तुकडा असतो, तो त्यांनी कधी पाहिलेला नसतो. लांबी जेमतेम सेंटिमीटरभर, बाहेरून आटे, डोक्यावर स्क्रूड्रायव्हरसाठी खाच आणि मधून आरपार भोक. अंगावर बारीक आकडा कोरलेला असतो: ७०, ७२, ७५. हा कार्बोरेटरचा मेन जेट. निंदणाचं पॉवर वीडर, ब्रश कटर, फवारणीचा पंप, लहान जनरेटर, तळ्यातून पाणी ओढणारा पेट्रोल-रॉकेलचा पंप, या सगळ्यांचा जीव या भोकातून ये-जा करतो.

ट्रॅक्टर, हार्वेस्टर आणि बहुतेक पॉवर टिलर डिझेलचे. त्यांत कार्बोरेटर नसतो. रस्त्यावरच्या नव्या दुचाक्यांतूनही तो जवळजवळ गेला, कारण १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्सचे निकष लागू झाले आणि पेट्रोल मोजण्याचं काम इंजेक्शन व सेन्सरकडे गेलं. कार्बोरेटर उरला तो रस्ता सोडून चालणाऱ्या या लहान इंजिनांत, म्हणजे बांधीत, धुऱ्यावर, तलावाच्या पाळीवर. जिथे मेकॅनिक सगळ्यात लांब, तिथेच हाताने जुळवायचं यंत्र शिल्लक राहिलं. म्हणून त्याच्याबद्दल नीट विचार व्हावा असं मला वाटतं. नुसतं 'मिस्त्री पाहून घेईल' म्हणून सोडून देण्याइतकी ही गोष्ट लहान नाही.

आकडा म्हणजे काय, ते आधी सांगतो. काही कंपन्या भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शतांशात कोरतात. ७२ म्हणजे ०.७२ मिलिमीटर. काही कंपन्या व्यासाऐवजी त्या भोकातून ठराविक वेळात किती इंधन जातं त्यावरून नंबर देतात. त्यामुळे एका कंपनीचा ७२ दुसरीच्या ७२ शी जुळेलच असं नाही. व्यास वाढला की क्षेत्रफळ वर्गाच्या हिशेबाने वाढतं. ७० च्या जागी ७५ बसवला तर वाढ दिसते पाच शतांश मिलिमीटरची, पण वाट जवळजवळ १५ टक्क्यांनी रुंद होते. पितळ मऊ असतं. जेटमध्ये कचरा अडकला म्हणून कुणी त्यात पोलादी तार किंवा शिवणाची सुई खुपसली आणि भोक दोन शतांशाने घासलं, तर ७२ चा ७४ झाला आणि साडेपाच टक्के जास्त पेट्रोल कायमचं सुरू झालं. डोळ्याला यातलं काहीच दिसत नाही. म्हणून जाणता मिस्त्री जेट पेट्रोलने धुतो, हवा मारतो आणि अगदीच अडलं तर विजेच्या वायरीतली तांब्याची एक बारीक तार वापरतो. तांबं पितळेला ओरखडत नाही.

हे भोक काम कसं करतं ते समजायला भंडाऱ्याच्या माणसाने आपल्याच गावचा मामा तलाव आठवावा. मामा म्हणजे माजी मालगुजारी. गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव १९५० च्या कायद्याने मालगुजारांकडून सरकारकडे आले. तलावाच्या पाळीखालून पाटाला किती पाणी सुटेल ते दोन गोष्टींवर ठरतं: भोक केवढं आहे आणि त्याच्यावर पाणी किती उभं आहे. पाणी उतरलं की तेवढ्याच भोकातून पाट बारीक होतो, म्हणून पाणी सोडणारा भोक वाढवत नेतो. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोलची पातळी उतरूच नये यासाठी एक तरंगणारा फ्लोट असतो. पातळी खाली आली की तो सुईची वाट उघडतो, भरली की बंद करतो. पातळी कायम, भोक कायम. मग कमी-जास्त होते ती वरून लागणारी ओढ. सिलिंडर हवा ओढतो, ती हवा कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून वेगाने जाते, वेग वाढला की दाब उतरतो आणि दाबाच्या त्या फरकाने जेटमधून पेट्रोल वर येऊन हवेत फवारलं जातं.

वेग आणि दाब यांचं हे नातं डॅनिएल बर्नुलीने १७३८ मध्ये द्रवांविषयीच्या आपल्या ग्रंथात मांडलं. अरुंद नळीतल्या प्रवाहाचा अभ्यास इटलीच्या जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंचुरीने १७९७ मध्ये प्रसिद्ध केला. मोटारीच्या पहिल्या काळात पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन वाफ उचलत. त्या दिवशी ऊन किती यावर इंजिनाचं पोट भरायचं. १८९३ मध्ये जर्मनीत विल्हेल्म मायबाखने फवारणारा कार्बोरेटर केला, आणि त्याच वर्षी हंगेरीत डोनात बांकी व यानोश चोंका यांनीही तशीच युक्ती काढली. वाफेची मर्जी संपली आणि मोजलेलं भोक आलं. वाफ ज्या दिवशी जशी असेल तशी घ्यावी लागे; भोकाचा आकार मात्र माणूस ठरवू शकतो.

पण ठरवतो कोण, आणि कुठल्या हवेत बसून? खरा विषय इथे सुरू होतो.

पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते. सगळ्यात जास्त ताकद मिळते ती साडेबारा-तेराच्या आसपास, म्हणजे थोडं पेट्रोल जास्त असताना. लहान इंजिनाला पाण्याचा रेडिएटर नसतो. पंख्याची हवा, सिलिंडरवरचे पत्रे आणि हे जास्तीचं पेट्रोल, एवढाच त्याचा गारवा. म्हणून जाणकार या इंजिनांना किंचित रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, ठेवतात. मिश्रण लीन झालं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडलं, की ते सावकाश जळतं, उष्णता एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर आणि पिस्टनच्या डोक्यावर रेंगाळते. टू-स्ट्रोक ब्रश कटरमध्ये तर ऑइलही पेट्रोलमधूनच येतं. पेट्रोल कमी म्हणजे वंगणही कमी. पिस्टन पकडतो तो अशाच दुपारी, धानकापणी अर्ध्यावर असताना.

इंजिनाची ताकद मोजण्याच्या एका प्रचलित आंतरराष्ट्रीय पद्धतीत हवा २५ अंशांची आणि कोरडी धरतात. भंडाऱ्यात अशी हवा वर्षातून किती दिवस असते? मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे तो १० अंशांच्या आसपास उतरतो. हवेची घनता निरपेक्ष तापमानाच्या उलट प्रमाणात बदलते, म्हणून हिशेब सोपा आहे: १० अंशांची हवा ४५ अंशांना गेली की सुमारे ११ टक्के विरळ होते. हवा विरळ झाली की ओढ घटते आणि पेट्रोलही थोडं कमी येतं, पण हवेच्या वजनाइतकं ते घटत नाही. साधारण निम्म्यानेच घटतं. परिणाम असा की हिवाळ्यातल्या पहाटे बरोबर असलेलं इंजिन मे महिन्यातल्या दुपारी सुमारे सहा टक्के रिच होतं. आता हे सहा टक्के जेटच्या भाषेत मांडून पाहा: ७२ च्या जेटला दोन शतांश मिलिमीटर. भंडाऱ्याचा उन्हाळा आणि भंडाऱ्याचा हिवाळा यांच्यातलं अंतर, कार्बोरेटरच्या मोजमापाने, एवढं आहे. सुई खुपसणारा हात तेवढंच अंतर एका फटक्यात ओलांडतो.

पावसाळ्याचा हिशेब वेगळा. रोवणीच्या दिवसांत २८ अंशांना हवा जवळजवळ ओथंबलेली असते. त्या हवेत सुमारे साडेतीन टक्के जागा पाण्याच्या वाफेने धरलेली असते आणि तेवढा प्राणवायू कमी मिळतो. इंजिन थोडं मंद वाटतं, प्लग थोडा काळा येतो. परदेशी पुस्तकांत जेटिंगची कोष्टकं उंचीवर भर देतात, कारण तिकडे माणसं यंत्रं घेऊन दोन-तीन हजार मीटर चढतात. भंडारा समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास, त्यामुळे उंचीचा रकाना आपल्याला बिनकामाचा. आपल्याला ऋतूचा रकाना हवा आणि तो छापील कोष्टकांत फारसा भेटत नाही.

ऋतूप्रमाणे मात्रा, हा विचार आपल्याकडे जुना आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या पाचव्या अध्यायाचं नावच मात्राशितीय. आहाराची मात्रा खाणाऱ्याच्या अग्नीच्या बळावर ठरते, ती वस्तूच्या वजनाने एकदाची ठरवून टाकता येत नाही, असं तिथे सांगितलं आहे. पुढचा सहावा अध्याय ऋतुचर्येचा. हेमंतात अग्नी प्रबळ असतो, त्याला पुरेसं इंधन मिळालं नाही तर तो शरीरालाच खातो. पावसाळ्यात अग्नी मंद, म्हणून आहार हलका. हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे दरवेळी तो पितळी तुकडा येतो. थंडीतली दाट हवा जास्त पेट्रोल मागते, आणि ते मिळालं नाही तर इंजिन स्वतःचाच पिस्टन भाजतं. दमट हवेत तीच मात्रा जड होते. चरकाला पोटातल्या आगीविषयी बोलायचं होतं, सिलिंडरमधल्या नव्हे, आणि दोन्हींतली रसायनं वेगळी आहेत. पण मात्रा ही वस्तूत नसते, वस्तू आणि तिचं ठिकाण यांच्यामधल्या नात्यात असते, हे दोन्हीकडे सारखंच खरं आहे. '७२ चांगला की ७५?' या प्रश्नाला उत्तर नाही. 'साकोलीत, जुलैत, चिखलात, या पंपावरच्या पेट्रोलवर ७२ चांगला की ७५?' याला उत्तर आहे.

लाखनीच्या बाजारात एका दुरुस्तीच्या दुकानात हे उत्तर शोधलं जाताना मी पाहिलं आहे. पावसाची उघडीप होती. एक वयस्कर शेतकरी वीडर पिकअपमध्ये टाकून घेऊन आला होता.

"भाऊ, नवीन मशीन हाये. चोक अर्धा ठेवल्याबिगर चालतच नाही."

"मोकळी का लोडवर?"

"मोकळी बरी चालते. चिखलात टाकली का दम सोडते."

मिस्त्री तिशीतला पोरगा. त्याने लगेच पाना उचलला नाही. मशीन सुरू केली, गरम होऊ दिली, मग पाती जमिनीत दाबून लोड दिला. इंजिन उसळलं, बसलं, पुन्हा उसळलं. त्याने चोक थोडा ओढला, तसा आवाज भरून आला. चोक ओढला की हवा अडते आणि मिश्रण रिच होतं. चोकवर बरं चालणारं गरम इंजिन स्वतःच सांगत असतं की मला पेट्रोल कमी पडतंय. मग लोडवर असतानाच त्याने स्विच बंद केला आणि प्लग काढला. मंद चालवत बंद केलं असतं तर मंद चालीचा रंग दिसला असता. त्याला लोडवरचा रंग हवा होता. प्लगची चिनीमाती पांढरीफटक होती. त्याने ती काकांना दाखवली, बोलला काही नाही.

मग वाटीचा खालचा स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या बाटलीत उतरवलं. तळाशी पाणी नव्हतं. वाटी काढली, जेट सोडवला आणि आभाळाकडे धरला. मीही पाहिलं. भोक अगदी गोल, कडा स्वच्छ, पलीकडे ढगाचा उजेड.

"कचरा नाही जी, काका. जेटच लहान पडते याले."

टिनाच्या डबीतून त्याने जेट निवडले, एकेकाचा आकडा उजेडात वाचला आणि मूळच्यापेक्षा एक नंबर मोठा बसवला. बाकी काहीही हलवलं नाही. फ्लोट नाही, आयडलचा स्क्रू नाही, गव्हर्नरची स्प्रिंग नाही. पुन्हा गरम, पुन्हा लोड, पुन्हा स्विच, पुन्हा प्लग. पांढरेपणा गेला होता, पण पुरता नाही. आणखी एक नंबर. या वेळी चिनीमातीवर फिकट बदामी रंग आला. काकांनी चोक पूर्ण उघडा ठेवून मशीन दुकानासमोरच्या ओल्या मातीत दाबली आणि ती चालत राहिली.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही त्या पोराची शिस्त मला फार मोलाची वाटते. अनेक दुकानांत मशीन आली की आधी स्क्रू फिरवला जातो, मग जेट, मग प्लग नवा टाकतात आणि शेवटी काय लागू पडलं ते कुणालाच ठाऊक नसतं. पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून. या पोराकडे मात्र त्या दिवशी एक निष्कर्ष जमा झाला: या मॉडेलला, इथे, पावसाळ्यात, दोन नंबर वर. असे निष्कर्ष साठत गेले की त्याला शास्त्र म्हणतात. ते डबीत राहतं, वहीत उतरत नाही, एवढीच खंत.

स्लाइडचा कार्बोरेटर असला, जसा लुना, एम-८० आणि जुन्या मोटरसायकलींत असे, तर काम आणखी बारीक होतं. त्यात थ्रॉटलच्या प्रत्येक टप्प्याचा मालक वेगळा. सुरुवातीच्या आठव्या हिश्श्यापर्यंत पायलट जेट आणि हवेचा स्क्रू, चौथ्या हिश्श्यापर्यंत स्लाइडच्या कडेचा काप, तिथून पाऊण थ्रॉटलपर्यंत निमुळती सुई आणि तिच्या खाचेतली क्लिप, शेवटी मेन जेट. हद्दी एकमेकींत मिसळलेल्या असतात. १९७२ मध्ये कायनेटिकने आणलेल्या लुनावर धानाचं पोतं टाकून धुऱ्याच्या वाटेने जाणारी माणसं या जिल्ह्यानेही पाहिली. तशी चाल बहुतेक पाव ते अर्ध्या थ्रॉटलची. तिथे बिघडलं तर मेन जेट कितीही बदला, फरक पडणार नाही. सुईची क्लिप एक खाच हलवावी लागते. सुई वर उचलली की रिच, खाली उतरवली की लीन. कुठे बिघडतं हे आधी ओळखायचं, मग हात लावायचा.

आता पेट्रोलविषयी. हवेची बाजू ऋतू बदलतो, पेट्रोलची बाजू गेल्या काही वर्षांत धोरणाने बदलली आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट मुळात २०३० चं होतं, ते अलीकडे ओढलं गेलं आणि २०२५ मध्ये ते गाठल्याचं सरकारने जाहीर केलं. इथेनॉलच्या रेणूत वजनाने सुमारे ३५ टक्के प्राणवायू असतो. म्हणून त्याला जळायला हवा कमी लागते, एका भागाला नऊच भाग. वीस टक्के मिश्रणाचा हिशेब साडेतेराच्या आसपास येतो. शुद्ध पेट्रोलसाठी बसवलेला जेट तेवढंच इंधन देतो, पण त्या इंधनाला कमी हवा पुरते. म्हणजे उरलेली हवा जास्तीची ठरते आणि इंजिन सुमारे आठ टक्के लीन होतं. इंजेक्शनच्या गाडीत एक्झॉस्टमधला सेन्सर हे ओळखतो आणि भर घालतो. कार्बोरेटरला सेन्सर नसतो. त्याचा सेन्सर म्हणजे लाखनीचा तो पोरगा.

दोन्ही हिशेब एकत्र मांडले की एक विलक्षण गोष्ट दिसते. मे महिन्यात उष्णता इंजिनाला सहा टक्के रिच करते आणि इथेनॉल आठ टक्के लीन; दोन्ही एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकतात आणि कुणाला काही जाणवत नाही. थंडीत उष्णतेची ती मदत उरत नाही. म्हणून अशा तक्रारी हिवाळ्यात वाढतात. दिवाळीनंतर भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरते, रात्रभर झाडीपट्टीची नाटकं चालतात, बाजूला खेळण्यांची आणि खाण्याची दुकानं लहान जनरेटरवर असतात. उत्तररात्री गारठा पडला की त्या जनरेटरचा आवाज चढू-उतरू लागतो आणि बल्बही त्याच तालात कमी-जास्त होतात. दुकानदार पेट्रोल पंपाला बोल लावतो. पेट्रोल खराब नसतं. त्या हवेला ती मात्रा कमी पडते.

इथेनॉलशी माझं भांडण नाही. आयात होणारं तेल वाचावं, शेतमालाला आणखी एक गिऱ्हाईक मिळावं, हे रास्तच आहे. २०२० मध्ये राष्ट्रीय जैवइंधन समन्वय समितीने भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामांतला अतिरिक्त तांदूळही इथेनॉलसाठी वापरायला मंजुरी दिली, म्हणजे धान उत्पादक जिल्ह्याचा तर या इंधनाशी थेट संबंध. तांदळापासूनचं इंधन धानाच्या बांधीत परत यावं, हे सुंदरच. माझा आक्षेप वेगळा आहे. या विषयावरची सगळी चर्चा मोटारी आणि मोटरसायकलींची झाली. बांधीतल्या इंजिनाला कुणी विचारलं नाही. अनेक लहान इंजिनांच्या पुस्तिकेत आजही १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं छापलेलं असतं, आणि पुस्तिका इंग्रजीत असते. शेतकरी पंपावर जातो तेव्हा त्याच्यापुढे निवड नसते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे रोवणीनंतर टाकीत तसंच राहिलेलं पेट्रोल दमट कोठ्यात दोन थरांत फुटू शकतं. पाण्याचा थर खाली बसतो, वाटीच्या जस्त-अॅल्युमिनियमला पांढरी भुकटी धरते आणि दिवाळीत मशीन काढली की जेट बुजलेला असतो. मग सुई येते आणि ७२ चा ७४ होतो.

जगभर लहान इंजिनांचा जेट आता एका वेगळ्या कारणासाठी मोहोरबंद होत चालला आहे. कॅलिफोर्नियाने १९९० च्या दशकाच्या मध्यापासून या इंजिनांच्या धुरावर मर्यादा घातल्या, अमेरिकेच्या केंद्रीय नियमांनीही १९९७ पासून तेच केलं. आणि २०२१ च्या कायद्यानंतर कॅलिफोर्नियाने अशी बहुतेक नवी इंजिनं २०२४ पासून विकूच नयेत इथपर्यंत मजल मारली. या नियमांमुळे स्क्रूवर टोप्या आल्या आणि जेट कारखान्यातच, धूर कमी व्हावा म्हणून, लीनच्या बाजूला बसवले जाऊ लागले. स्वच्छ हवेचा आग्रह योग्यच आहे. पॉवर वीडरचा धूर हा चालवणाऱ्याच्या नाकापासून हातभर अंतरावर असतो, त्याची फुप्फुसं काही कमी किमतीची नाहीत. पण तिकडच्या हवेसाठी आणि तिकडच्या पेट्रोलसाठी लीन केलेलं इंजिन २० टक्के इथेनॉलवर, जानेवारीच्या पहाटे, भंडाऱ्यात सुरू केलं की लीनवर लीन होतं. त्याने धूर वाचत नाही, व्हॉल्व्ह जळतो. बरोबर जुळवलेलं इंजिनच कमीत कमी धूर देतं आणि जास्तीत जास्त टिकतं.

उलट दिशेची चूकही आपल्याकडे जुनी आहे. एव्हरेज वाढावं म्हणून जेटमध्ये तांब्याची तार अडकवून ठेवणं, किंवा भोक शिशाने बुजवून बारीक करणं. पहिले दोन दिवस पेट्रोल वाचल्यासारखं वाटतं. मग ताकद घटते, चालवणारा थ्रॉटल जास्त उघडतो, बचत तिथेच संपते, इंजिन तापत राहतं आणि हंगामाच्या मध्यात पिस्टन पकडतो. वाचवलेलं पेट्रोल आणि सिलिंडर-पिस्टनचा खर्च शेजारीशेजारी लिहून पाहावा. शिवाय हंगामातला गेलेला दिवस. रोवणीचा दिवस पैशाने परत येत नाही.

ही विद्या मरू देऊ नये असं मला मनापासून वाटतं. जुन्या यंत्रांच्या मायेपोटी मी हे म्हणत नाही. उद्या विजेची वीडरं स्वस्त झाली, बॅटरी चिखलात टिकली, तर कार्बोरेटर खुशाल जावा. पण तो दिवस येईपर्यंत आणखी बरेच हंगाम जातील, आणि त्या प्रत्येक हंगामात ही इंजिनं कुणीतरी हवेशी जुळवून द्यावी लागतील. आज हे ज्ञान ज्यांच्या हातात आहे त्यांना कुणी शिकवलेलं नाही आणि त्यांचं कुणी लिहून घेतलेलं नाही.

म्हणून तीन जणांकडे मागणं आहे. लहान शेतकी इंजिनं विकणाऱ्यांनी मूळ जेटचा नंबर, आणि २० टक्के इथेनॉलसाठी कुठला नंबर लावावा ते, मराठीत छापून द्यावं आणि जेट सुटे विकावेत. पुरा कार्बोरेटर घ्यायला लावू नये. जिल्ह्यातल्या आयटीआयनी दुचाकी मेकॅनिकच्या पोरांना सेन्सर शिकवताना प्लगचा रंग वाचायलाही शिकवावं, आणि लाखनी-साकोली-तुमसरच्या मिस्त्र्यांना एका दिवसासाठी वर्गात बोलवून, कुठल्या मशीनला कुठल्या महिन्यात कुठला नंबर लागला ते लिहून घ्यावं. आणि ज्यांच्या घरी अशी मशीन आहे त्यांनी हंगाम संपला की वाटीतलं पेट्रोल काढून टाकावं, आणि पुढच्या हंगामात, लोडवर दहा मिनिटं चालवून, प्लग एकदा उघडून पाहावा. तो पांढरा असेल तर त्या दिवशी बांधीत उतरू नका. आधी एक नंबर मोठा जेट आणा.